नजरेचे नऊ गुण

"तीन मिनिटं," सरांनी बोटं दाखवली आणि काजवाली उभी राहिली.

शिवणकामाच्या कारखान्यानं मुकादमांसाठी भाषणकलेचा वर्ग काढला होता. हा त्याचा आठवा आणि शेवटचा तास. जागा पॅकिंगची खोली. खोक्यांवर खोकी चढवून बारा खुर्च्यांपुरती मोकळी केलेली. काजवाली काज-बटणाच्या रांगेची मुकादम, म्हणून हे नाव. तिच्या आधी इस्त्रीचा मुकादम वक्तशीरपणाच्या महत्त्वावर बोलला होता, तोही दहा मिनिटं उशिरा येऊन. पहिल्या रांगेत साहेब, परीक्षक म्हणून. मांडीवर गुणपत्रक. सुरुवात, मुद्दे, दाखले, आवाज, नजर, प्रत्येकी दहा. साहेबांच्या पाठीमागे मागच्या जिन्याचं दार, आणि दाराला कुलूप. शर्ट चोरीला जातात म्हणून पाच महिन्यांपूर्वी लागलेलं.

वर्गाचा नियम एकच, पण सर तो दर तासाला दोनदा सांगत. बोलून झालं की टाळ्या वाजवायच्या आणि माणूस कसा बोलला तेवढंच सांगायचं. काय बोलला त्यात शिरायचं नाही. शिरलं की भांडणं होतात.

सकाळी नणंदेनं तिला मशीनवरूनच बजावलं होतं, "वहिनी, दोन महिने शिकलीस ना? मग आज कुलूप काढूनच ये." नणंदेचं मशीन पुढच्या जिन्यापासून सगळ्यात लांबचं.

"आपल्या मजल्यावर माणसं किती?" काजवालीनं विचारलं, आणि धड्यात सांगितल्याप्रमाणे मनात तीन आकडे मोजले. "एकशे चाळीस. वापरातला जिना एक. काल सुटताना मी जिन्याच्या कठड्याशी थांबले आणि घड्याळ लावलं. शेवटची बाई खाली पोचली ती अकराव्या मिनिटाला. ती माझी नणंद. आणि काल घाई कुणालाच नव्हती. चिंध्यांचा ढीग पेटायला किती वेळ लागतो, ते मात्र मला मोजून बघता आलं नाही."

इस्त्रीच्या मुकादमानं चष्मा काढून हातात धरला.

"मला ते कुलूप काढून हवंय. आजच्या आज. संपलं."

टाळ्या पडल्या. साहेबांनी तर इतक्या जोरात वाजवल्या की कमरेचा चाव्यांचा जुडगा साथीला वाजत राहिला.

"बघितलंत?" सर खुर्चीतून उठलेच. "मागणी एकच, लहानशी, आणि वेळ ठरवून! आपला सहावा धडा!"

"साहेब, मग चावी?" काजवालीनं हात पुढे केला.

"शेवट झाला तरी सोडत नाहीत," साहेब कौतुकानं सरांना म्हणाले. "चिकाटी आहे हो."

"भाषण संपलं, साहेब. आता मी विचारतेय."

"आवाज कसा खाली आणला, ऐकलंत?" सर बाकीच्यांकडे वळले. "लगेच खरं वाटायला लागतं की नाही?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. इस्त्रीच्या मुकादमानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "नियम," सरांनी बोट वर केलं, आणि ते तोंड मिटलं.

काजवालीनं मनातल्या मनात हिशेब केला. ओरडलं तर आवाजाचे गुण. रडलं तर दाखल्यांचे. आता जे काही तोंडातून निघेल ते त्या कागदाच्या कुठल्या ना कुठल्या रकान्यात जाऊन बसणार. म्हणून ती काहीच बोलली नाही. हात तसाच पुढे, आणि गप्प.

"एक... दोन... तीन..." सर हळूच मोजत होते. "वा! याला म्हणतात विराम."

साहेबांनी तिच्या पुढे केलेल्या हातात गुणपत्रक ठेवलं.

ती रांगेत परतली तेव्हा नणंदेनं मशीन थांबवलं. पलीकडच्या दोघीतिघींनीही थांबवली.

"उघडलं?"

"पहिली आले."

"ते नाही विचारलं मी."

काजवालीनं कागद तिच्यापुढे धरला. नणंदेनं बोट ठेवून एकेक रकाना वाचला. "एकोणपन्नास. पन्नासातले." ती थबकली. "मग एक कुठे गेला?"

बोट शेवटच्या रकान्यावर आलं. साहेबांचं अक्षर सुबक होतं.

'नजर – नऊ. श्रोत्यांकडे पाहावे. सारखी मागच्या दाराकडे जाते.'

नणंदेनं कागदाची घडी घालून परत दिली. मग मान वळवून तिनं आपल्या मशीनपासून पुढच्या जिन्यापर्यंतची मशीनं मोजायला सुरुवात केली.