गुरुवारचं पान

शेजारी महानंदाच्या पडवीत पुन्हा हशा पिकला. मिठाचा डबा उघडा टाकून लताबाई खिडकीशी गेल्या. दारात चपलांचा हा ढीग! लातुरात क्लासला आलेल्या पोरी महानंदाकडे जेवत, महिन्याचे पैसे आगाऊ देऊन.

"अन्न विकतेय बाई," त्या पुटपुटल्या.

त्यांचे वसंतराव लहानपणी नांदेडला वार लावून जेवले होते. रोज वेगळं घर. असे शिकून हेडमास्तर झाले. कुणी दमडी मागितली नाही, हे लताबाई सगळ्या गल्लीला ऐकवत. "आणि आमचे हे! ताटातल्या कशाला कधी नाव ठेवलं नाही," हेही ऐकवत. तरी तो चपलांचा ढीग डोळ्यांत सलायचाच.

म्हणून तर त्यांनी त्या पोरींतल्याच जळकोटच्या पुनमला गुरुवारचा वार दिला होता. साजूक तूप, कोशिंबीर, सगळं फुकट. पोरगी खाली मान घालून जेवायची आणि "छान झालंय, आजी," म्हणायची. आज मात्र पान वाढून झालं तरी तिचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात पलीकडून तिचाच आवाज आला. "ओ मावशी, भात कच्चा हाय की! पैसे कशाचे घेता मग?"

"अगं बया! आण इकडं, दुसरा वाढते. जीभ लई चालायलीय तुझी!"

पुन्हा हशा.

जेवून निघालेल्या पुनमला लताबाईंनी रस्त्यातच गाठलं. "तिचा कच्चा भात गोड लागतो, आणि माझं तूप कडू?"

पुनम ओशाळली. "तसं न्हाई, आजी. तुमचं लई चांगलं असतंय. पण तिथं मी पैसे देते. कच्चं असलं तर कच्चं म्हणता येतंय."

"शिकवलं वाटतं तिनं!" लताबाई फणकारून घरात आल्या. वसंतराव एकटेच जेवत होते, अर्धं ताट संपलं होतं. पुनमचं पान स्वतःपुढे ओढून लताबाईंनी आमटीभाताचा घास घेतला, आणि थबकल्या.

आमटीत मीठच नव्हतं.

"अहो, कसं खाल्लंत हे? सांगायचं नाही का?"

वसंतरावांनी मान वर केली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते, तेच ते म्हणाले,

"छान झालंय."