वाकडी टीप

तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर टीप सरळ आली, की एका हाताने शिवणाऱ्या त्या मुलीची टेलरच्या दुकानातली नोकरी पक्की होती. पण ती बाहेर पडली, की अपंगांच्या त्या शिवणवर्गात चारच उरणार, आणि पाचाच्या खाली सरकारी अनुदान बंद.

“पोरी, आज जरा वाकडी मार,” मास्तर म्हणाले. “एवढं वर्ष थांब. या चौघांचंही होऊन जाईल.”

“वाकडी मारायला शिकवलंत कुठे, मास्तर?” ती हसली. पण मारली.

साहेबांनी कापड उजेडात धरलं. “तीन वर्षांत एवढंच? मग पैसे ओतायचे कशाला?”

वर्ग बंद झाला. मास्तरांची दुसऱ्या खात्यात बदली झाली, पगार तोच. चौघं घरी बसले. आणि पाचवीही, कारण टेलरने तिची चौकशी साहेबांकडेच केली होती.