नांदतं नाक

यादोरावांनी मूठभर धान तळहातावर चोळलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली, डोळे मिटले आणि मूठ नाकाशी नेली. समोर धान विकायला आलेला तुलाराम आपल्या पोत्यावर हात ठेवून उभा होता. सुवासिक चिन्नोर कोणतं आणि भेसळ कोणती, हे सानगडीच्या बाजारात यादोरावांचं नाक सांगे, आणि ते सांगेल तो भाव.

वर्षभरापासून त्या नाकाला काहीच कळत नव्हतं. कळत होतं ते मागे चहा घेऊन उभ्या राहणाऱ्या त्यांच्या बायकोला, धुरपताबाईला. कप बशीवर एकदा वाजला की चिन्नोर. दोनदा वाजला की भेसळ. ही गोष्ट फुटती, तर दुकानात पुन्हा पोतं आलं नसतं.

आज कप वाजेचना.

यादोरावांनी एक डोळा उघडला. धुरपताबाईनं कपबशी खाली ठेवली होती आणि हातात तोटीचं भांडं धरलं होतं.

महिन्याआधी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोघांच्याही नाकात कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवली होती. "नाकात जिवाणूंची वस्ती असते," ते म्हणाले. "बाईंच्या नाकात सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. तुम्ही मनानंच गोळ्या खाऊन चांगल्यांना उठवून लावलं. आता एकाच प्रकारच्यांचा ताबा आहे. सूज हटेल कशी?"

"म्हंजे बिनविरोध निवडून आले," धुरपताबाई म्हणाली.

रोज उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं ठरलं. ते पाणी यादोराव रोज गुपचूप गोठ्यामागच्या पपईला घालत. आज सकाळी ती पपई खारानं वाळलेली धुरपताबाईला दिसली.

"पयले नाक," धुरपताबाई हळूच म्हणाली. "मंग कप."

"लोकायसमोर?"

"पपईसमोर लाज नाई वाटली?"

यादोराव उकिडवे बसले. मान वाकडी केली. पाणी एका नाकपुडीतून आत गेलं आणि बऱ्याच विचारानंतर दुसरीतून बाहेर आलं.

"हे काय जी, शेठ?" तुलारामनं विचारलं.

"नवी पद्धत हाय," यादोराव नाक पुसत म्हणाले. "तोलाच्या अगोदर काटा साफ करा लागते."

कप एकदा वाजला.

"चिन्नोर!"

"मानलं बा," तुलाराम म्हणाला.

पुढच्या बाजारी शेजारच्या भैयाजींच्या दुकानातही काट्याजवळ तोटीचं भांडं दिसलं. त्याच्या पुढच्या बाजारी तर पोतं उतरवायच्या आधीच लोक विचारू लागले, "शेठ, नाक धुतलं का जी?" आता यादोरावांची सुटका नव्हती. ते रोज धुवू लागले.

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी ते असेच मूठ नाकाशी धरून, डोळे मिटून, कपाची वाट पाहत बसले होते. मग डोळे न उघडताच म्हणाले,

"धुरपता, दूध बुडाले लागलं का वं? करपल्याचा वास येऊन राहिला."

धुरपताबाईनं कपबशी खाली ठेवली.

"लागलं," ती म्हणाली. "सालभरापासून लागूनच राहिलं जी."