बोर्डावरचं शेपूट

"पार्थ, आज ते शेपूट छाटून टाक. उद्या माल जासईला जातोय," साहेब सांगून गेले.

पार्थने मान डोलावली. भिजत घोंगडं ठेवण्यात त्याचा हात धरणारा महाप्याच्या त्या ऑफिसात कुणी नसेल.

जासईच्या कंटेनर यार्डासाठी इथे मराठी सूचनांचे बोर्ड बनत. यार्डातून निघालेला प्रत्येक संदेश चाचणीसाठी पार्थच्या टेबलावरच्या बोर्डावरही यायचा, एकाच ओळीत. गोची होती ती लांबी मोजण्यात. सी भाषेत मजकूर संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्य ठेवतात. मराठीची रुंद अक्षरं मोजणारं फंक्शन ते शून्य सापडेपर्यंत चालत राहतं. शून्य हरवलं, की शेजारच्या मेमरीत बिनदिक्कत शिरतं आणि तिथलं जुनंपानं उचलून संदेशाच्या मागे जोडतं. तेच हे शेपूट. उपाय सोपा, मोजणीला कमाल मर्यादा घालायची. पाच मिनिटांचं काम.

पण ते जुनंपानं राजेश्वरीचं होतं.

ती शेजारच्या टेबलावर बसायची. चाचणीला सगळे 'एक दोन तीन' पाठवत, ही 'चहाला येतोस?' पाठवायची. पार्थ नुसता हसायचा. मनातलं ओठांवर येईतो गणपतीत तिने नोकरी बदलली आणि जासईच्या यार्डातच रुजू झाली. त्यानंतर बोर्डावर 'गाडी गेटवर आली' उमटलं, की मागे हटकून 'चहाला येतोस?' यायचं. मेमरीत राहिलेली राजेश्वरी. तिची फार आठवण यायची त्याला, आणि तेवढ्या दोन शब्दांसाठी तो सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा.

आज पुसण्याआधी एकदा डोळे भरून बघावं, म्हणून त्याने बोर्ड लावला.

'गाडी गेटवर आली.' पुढे काहीच नाही.

त्याने पुन्हा लावला. तेवढंच.

"मंजुषा, कोडला तू हात लावलास?" त्याचा आवाज चढला. "मला विचारायचं तरी."

पलीकडच्या टेबलावरून मंजुषाने हेडफोन काढले. "कुठला कोड?"

"लांबीचा. मर्यादा घातलीस ना?"

"ती होय? ती तर दिवाळीतच घातली. तू टाळत होतास, म्हटलं आपणच करू."

"दिवाळीत? मग कालपर्यंत ते शेपूट कसं येत होतं?"

मंजुषाने हेडफोन टेबलावर ठेवले.

"अरे, राजेश्वरी पाठवायची ना रोज, जासईहून. मला वाटलं, तुला माहितीये. तू एकदाही उत्तर दिलं नाहीस, म्हणून काल म्हणाली, आता बास."