नागरिकत्वाचं शुल्क
कराचीतल्या मराठी घरातली निवेदिता लग्न करून रायपूरला आली, तेव्हा पाकिस्तानातून आलेली सून घरात मराठीच बोलते याचं ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या बायकांना भारी नवल वाटलं होतं. पुढची कितीतरी वर्षं व्हिसाची मुदत वाढवून घेण्यात गेली. यंदा अखेर तिला भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता आला. सरकारी शुल्क भरायला सासरे, यशवंतराव, तिला घेऊन बँकेत गेले. रांगेत उभ्या उभ्याच त्यांनी खिशातून नोटा काढल्या. "राहू द्या बाबा," म्हणत तिनं आपली पर्स उघडली. बीरगावच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवून तिनं हे पैसे जमवले होते. यशवंतराव दुखावले. "तू काहून भरून राहिली बेटा? आम्ही आहोत ना!" ती म्हणाली, "तुमच्या घरची झाली, तेव्हा तुम्ही मले एक रुपया खर्चू दिला नाही. आता या देशाची होतांना तरी माझ्या मेहनतीचं देऊ द्या." यशवंतरावांनी नोटा परत खिशात ठेवल्या. त्यांचा नंबर आला. कॅशियरनं चलान पाहिलं आणि यशवंतरावांकडे बघत विचारलं, "बाबूजी, पैसा आप जमा कर रहे हैं?" यशवंतराव बाजूला झाले, त्यांनी सुनेला खिडकीसमोर उभं केलं आणि साऱ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मेरी बहू कर रही है. अपनी कमाई से."