मल्टिग्रेन

मैत्रीला बघायला अभयच्या घरचे वाशीच्या मॉलमधल्या सँडविचच्या दुकानात येणार होते. "तुला शुगर आहे हे लग्न झाल्यावर सांगू. आज गुपचूप व्हाइट ब्रेड घ्यायचा," आईने रिक्षातच दम भरला होता.

मैत्रीने व्हाइट ब्रेड सांगितला, वर कोल्ड्रिंकलाही नाही म्हणाली नाही. मग हात धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये जाऊन नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन टोचून आली.

परत आली तर अभय काउंटरवर सांगत होता, "मला मल्टिग्रेन द्या. आमच्या घरी मैदा आणतच नाहीत."

मैत्रीचा जीव भांड्यात पडला. या घरात आपल्याला चोरून जगावं लागणार नाही, असं वाटून ती त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मनापासून हसली. निघताना अभयही तिच्याकडे बघून हसला.

परतीच्या रिक्षात बसल्याबसल्या आईने फोन हातात घेतला.



"यांना आत्ताच नाही म्हणून कळवते. एवढा तरणा पोरगा आणि ब्राउन ब्रेड खातो! शुगर असणार त्याला. आणि एका शब्दाने बोलले नाहीत मेले. लोकांच्या मुली फसवायला निघालेत!"