न भिजलेले वाल

नीतानं सकाळी बिरड्यासाठी वाल भिजत घातले होते. संध्याकाळी पातेल्यातल्या पाण्यात हात घालून पाहिलं, तर वाल तसेच टणक. बाहेर काढलेला हातही कोरडाच.

खांदा कॉलनीत दारोदार मासळी विकणाऱ्या गुणाबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांना नवल वाटलं नाही.

"नदीत कंपन्यांचं पानी येतंय ना ताई, आमची जाली पन भिजत नाय."

आत नळ मघापासून वाहत होता. नीताची लेक वल्लरी ओंजळीनं पाणी पीत होती.

"आई, कितीही प्यायले तरी तहान जातच नाहीये!"

नीतानं तिला ओढून जवळ घेतलं. वल्लरी रडू लागली. एक थेंब गालावर ओल न ठेवता निसटला, फरशीवर पडला आणि घरंगळत गेला.

नीतानं तो चिमटीत उचलला. वालासारखाच टणक होता.